गुलाबाची छाटणी: फूटपट्टी ठेवा बाजूला, काडी बघा

छाटणीचे दिवस आले की मला गुलाबांचे फोटो यायला लागतात. झाड ताडमाड वाढलेलं, खाली बोडकं, शेंड्याला दोन बारकी फुलं, आणि सोबत एकच प्रश्न, किती ठेवून कापू? कुणीतरी त्यांना गुडघ्याएवढं ठेव म्हणून सांगितलेलं असतं, कुणी एक फूट, कुणी अर्धं उडव म्हणतं, कुणी म्हणतं हात लावू नको मरेल. मी दरवेळी म्हणते की आधी बुंध्याचा फोटो पाठवा, खालून किती काड्या निघाल्यात, त्यात जुनी कुठली नवी कुठली ते दिसू दे, तर लोक जरा वैतागतात कारण त्यांना आकडा हवा असतो. पण आकड्यावर गुलाब छाटता येत नाही असं माझं अगदी ठाम मत आहे आणि ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

पहिलं म्हणजे, छाटलंच पाहिजे का? झाड जगायला छाटणी लागत नाही. जर्मनीत हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या भिंतीला एक रानगुलाब आहे, हजार वर्षांचा मानतात त्याला, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तो वरून सगळा जळाला आणि मुळातून परत फुटला. इतकं चिवट झाड आहे हे. रानात त्याचं काय चालतं बघा, बुंध्यातून नवी काडी येते, दोन-तीन वर्षं जोरात फुलते, मग साल राखाडी पडते, लाकूड कडक होतं, फुलं बारीक होत जातात आणि शेवटी ती वाळते, तोवर शेजारून दुसरी वर आलेली असते. जुनं जायचं नवं यायचं हे झाड आपलं आपण करतंच, फक्त सावकाश करतं आणि वाळकं सगळं अंगावरच ठेवतं. मग त्या गुंत्यात ऊन नाही, वारा नाही, पानं ओली राहतात आणि बुरशी धरते. आपण सिकेटर (छाटणीची कात्री) घेऊन जे करतो ते हेच काम, जरा लवकर आणि स्वच्छ. त्यामुळे माझं उत्तर हो, छाटा, पण झाडाचं जे चाललंय त्याला धरून छाटा.

कापल्यावर फुटवे का येतात तेही थोडक्यात सांगते कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वाढत्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं हार्मोन तयार होतं, ते फांदीतून खाली उतरत राहतं आणि तोवर खालचे डोळे (काडीवरचे झोपलेले कोंब) फुटत नाहीत. शेंडा गेला की तो दाब उठतो आणि कापाच्या खालचे एक-दोन डोळे आधी फुटतात. गुलाबाच्या डोळ्याला फुटायला उजेडसुद्धा लागतो, म्हणून झाड मधून मोकळं केलं की बुंध्याशी फूट यायला मदतच होते. वेलगुलाबाची लांब काडी आडवी बांधली तर तिच्या अख्ख्या लांबीवर फुटवे येतात आणि उभी सोडली तर फक्त टोकाला फुलं येतात, त्याच्यामागेही शेंड्याचं हेच वर्चस्व आहे. वेलगुलाबाच्या मुख्य काड्या पहिली दोन-तीन वर्षं कापूच नका, आडव्या बांधा आणि बाजूच्या फांद्या तेवढ्या दोन-तीन डोळ्यांवर आणा. त्यातले काही हायब्रीड टी (लांब दांड्यावर एकेक मोठं फूल येणारा झुडपी प्रकार) यांपासूनच निघालेले असतात, ते लहानपणी जोरात छाटले तर परत झुडूपच होऊन बसायची भीती असते.

आता झाड कुठल्या प्रकारचं आहे ते माहीत पाहिजे, इथे मात्र तडजोड नाही. आपल्याकडच्या कुंड्यांत-वाफ्यांत जे बहुतेक असतात ते हायब्रीड टी (पहिला हायब्रीड टी म्हणून ज्याला धरतात तो ला फ्रान्स १८६७ चा), फ्लोरिबंडा (झुपक्याने फुलणारे) नाहीतर मिनिएचर (बुटके), आणि हे सगळे नव्या फुटीवर फुलतात, त्यामुळे छाटलं तरी फुलांचं नुकसान नाही, उलट फायदा. पण वर्षातून एकदाच फुलणारे जुने गुलाब असतात, गॅलिका, अल्बा, बरेच डमास्क आणि रॅम्बलर (लांब पसरणारे वेलगुलाब), ते मागच्या वर्षीच्या लाकडावर फुलतात. ते हंगामाच्या आधी छाटले की त्या वर्षीची फुलं कचऱ्यात गेली. त्यांची छाटणी फुलं ओसरल्यावर. अमेरिकेत अॅरिझोनातल्या टूमस्टोनला १८८५ साली लावलेला लेडी बँक्स जातीचा एक पांढरा गुलाब आहे, मांडवावर पसरत पसरत आठ हजार चौरस फुटांच्या आसपास गेलाय, आणि तोही जुन्या लाकडावर फुलणारा, त्याला कुणी दर हंगामाआधी गुडघ्याएवढं ठेवलं असतं तर फुलंच दिसली नसती. तुमच्या झाडाची जात माहीत नसेल तर एक वर्ष न छाटता नुसतं बघा, वर्षभर पुन्हा पुन्हा फुललं तर बिनधास्त छाटा.

वेळेबद्दल फार लिहीत नाही. बर्फ पडतो तिथे हिवाळा सरताना, डोळे फुगायला लागले की, कारण त्याआधी कापलं तर कोवळी फूट थंडीने जळते. थंडी सौम्य आहे तिथे पावसाळा संपून हवा कोरडी झाली की. भर पावसात नको, ओल्या जखमेतून बुरशी सरळ आत जाते, आणि कडक उन्हाळ्यात पण नको, पानांची सावली गेली की काड्यांची साल भाजते.

तर कापायला बसल्यावर. आधी मेलेलं काढा, आणि हे घाईघाईत करायचं काम नाही. काळी-तपकिरी पडलेली काडी घ्या, जिथून हिरवी दिसते तिथे काप घ्या आणि कापलेल्या तोंडाकडे नीट बघा. मधला गर पांढरट, ओलसर असेल तर काडी चांगली. मधोमध तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसलं तर साल बाहेरून कितीही हिरवीगार असू दे, आतून ती जात चाललीय, अजून एक डोळा खाली या, परत कापा, परत बघा, ठिपका लहान होत होत नाहीसा होईपर्यंत. कधीकधी असं करत करत पार बुंध्यापर्यंत यावं लागतं आणि जीव वर-खाली होतो पण अर्ध्यात थांबायचं नाही. शेंड्याकडून खाली वाळत येणारा हा रोग म्हणजे डायबॅक, आणि उष्ण हवेत छाटणीनंतर गुलाब जातात ते जास्त करून याने. एवढ्यासाठीच डोळ्याच्या वर लांब खुंटी सोडू नका म्हणतात, त्या खुंटीला पोसणारं पान नसतं, ती वाळते आणि वाळणं तिथेच थांबेल याची खात्री नाही. डोळ्याच्या वर पाच-सहा मिलिमीटर ठेवा, बास. फार चिकटून कापलं तर डोळाच सुकतो.

मग जुन्या काड्या. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या असं मी सांगेन आणि नेमकं इथेच कुणी बघत नाही. राखाडी, तडकलेली साल, गाठी गाठी झालेल्या, वर नुसत्या काटक्या फुटलेल्या, त्यांच्याकडून आता फार काही मिळणार नाही. ती बुंध्यापासून काढा, सिकेटर चालत नसेल तर छोटी करवत घ्या, पण काढायच्या आधी तिची जागा घेणारी नवी काडी आहे का ते बघा. असेल तर जुनी खुशाल जाऊ दे. नसेल तर सगळ्या जुन्या एकदम काढू नका, त्यांच्यातली सर्वात वाईट एक काढा आणि नवीन फूट येते का बघा, बाकीच्या पुढच्या वर्षी. गुडघ्याएवढं कापा या नियमात जुनी काडी आणि नवी काडी एकाच उंचीवर येतात, म्हणून मला तो नियम अजिबात पटत नाही. दरवर्षी तसं केलं की खाली एक जाडजूड खोड आणि त्याच्या डोक्यावर काटक्यांचा झुबका तयार होतो, आणि मग लोक म्हणतात झाड म्हातारं झालं. म्हातारं झाड नसतं, त्या काड्या म्हाताऱ्या असतात.

त्यानंतर मधे घुसलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, आणि हायब्रीड टी असेल तर पेन्सिलीपेक्षा बारीक असलेल्या (मिनिएचरला हे लावू नका, त्याच्या सगळ्याच बारीक असतात). एवढं झाल्यावर ज्या चार-सहा चांगल्या काड्या उरतील त्या एक तृतीयांश ते निम्म्याने आखडा. इथे थोडं तुमच्या आवडीवर आहे, जास्त कापलं तर फुलं कमी पण मोठी आणि लांब दांड्याची, कमी कापलं तर भरपूर पण लहान. मला बागेत भरलेलं झाड आवडतं म्हणून मी हलकंच कापते, प्रदर्शनाला फूल द्यायचं असेल त्यांनी खाली जावं.

४५ अंशाचा तिरका काप आणि बाहेरच्या दिशेचा डोळा यावर लोक भांडतात म्हणून सांगते. ब्रिटनच्या रॉयल नॅशनल रोझ सोसायटीने याची चाचणी घेतली होती, काही झुडपं नेमकं डोळे बघून सिकेटरने छाटली आणि काही सरळ हेज ट्रिमरने (कुंपण कापायच्या यंत्राने) सरसकट कापली, तर ट्रिमरवाल्यांना फुलं काही कमी आली नाहीत. म्हणजे कोन चुकला म्हणून झाड रुसत नाही, ती भीती काढून टाका. बाहेरचा डोळा मात्र मी अजूनही बघते, कारण नवी फूट डोळा ज्या दिशेला असतो त्या दिशेला जाते आणि मोजकीच झाडं असतील तर तेवढं बघायला वेळ लागत नाही. आणि ट्रिमरने वाळकं, आतून सडलेलं निघत नाही, ते हातानेच काढावं लागतं, उष्ण हवेत तर नक्कीच.

बुंध्याशी दोन प्रकारची फूट येते आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नका प्लीज. कलमाचा सांधा म्हणजे ती फुगीर गाठ, तिच्या वरून जी जाड, लालसर, झपाट्याने वाढणारी काडी येते ती तुमच्या झाडाची पुढची चार वर्षं आहे, तिला जपा. जंगली समजून लोक नेमकी तीच छाटतात आणि माझा जीव कळवळतो. गाठीच्या खालून, मातीतून येते ती खुंटाची, म्हणजे ज्या जंगली झाडावर कलम बांधलंय त्याची. तिची पानं वेगळ्या रंगाची, काटे वेगळे, वाढ वेगळी. एका देठावर सात पानं म्हणजे जंगली हे खरं धरू नका, चांगल्या गुलाबांनाही सात पानं येतात, ती कुठून निघालीय तेच बघायचं, त्यासाठी माती थोडी उकरावी लागली तरी चालेल. खुंटाची असेल तर कापू नका, मुळाशी धरून ओढून तोडा, कापली तर तळाचे डोळे राहतात आणि एकाच्या तीन येतात.

यंदाच लावलेलं झाड छाटायचं नाही, फक्त वाळकं काढा. रोगाने पानं गळून उघडं पडलेलं झाडही आधी सावरू द्या, अन्न पानातच तयार होतं आणि त्याच्याकडे आत्ता तेवढं पण नाहीये.

हत्यार बायपास सिकेटर (कात्रीसारखी पाती एकमेकांवरून सरकणारा), धारदार, आणि पातं झाडाकडच्या बाजूला, म्हणजे चेपते ती टाकायची बाजू. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ७० टक्के अल्कोहोलने पुसा, मुळाशी गाठी येणारा क्राऊन गॉल हा जिवाणूचा रोग हत्याराने पसरतो. जाड कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावा, बारीक कापांना मी लावत नाही. काळ्या ठिपक्यांचा रोग होता तर उरलेली जुनी पानंही खुडा आणि खाली पडलेली एकूण एक उचला, त्याची बुरशी त्या पानांतच दबा धरून असते.

छाटल्यावर पाणी कमी करा, पानं नाहीत तर झाड पाणी ओढत नाही आणि कुंडी नुसती ओली राहते. खताची पण घाई नको, फूट दोन बोटं वर आली की द्या. एकाच डोळ्यातून दोन-तीन कोंब आले तर जोरकस एक ठेवून बाकीचे अंगठ्याने खरडून टाका, कोवळे असताना निघून जातात. साधारण सहा ते आठ आठवड्यांत फूल येतं, हवा थंड असेल तर जास्त.

फुलल्यावर सुकलेलं फूल काढत राहा, नाहीतर फळ धरायच्या नादात पुढची फूट मंदावते. जोमदार झाडावर एका देठावर पाच पानं असलेल्या पहिल्या चांगल्या पानापर्यंत येऊन कापा, अशक्त असेल तर मानेशीच खुडा, पानं राहू द्या त्याला.

आणि निघालेल्या काड्या सगळ्या टाकू नका. रोगट असतील त्या बागेबाहेरच, पण पेन्सिलीएवढ्या निरोगी काड्यांचे सहा-आठ इंचांचे तुकडे करून ओलसर मातीत सावलीत लावता येतात. खालचा काप तिरका घ्या आणि वरचा सपाट, म्हणजे दहा तुकडे हातात एकत्र झाले तरी कुठली बाजू मातीत जायची ते कळतं, उलटी लावलेली काडी मूळ धरत नाही. सगळ्या जाती अशा स्वतःच्या मुळावर जोमाने वाढत नाहीत, पण ज्या वाढतात त्यांना खुंटच नसतो, म्हणजे खालून काहीही फुटलं तरी ते तुमचंच.