‘चूक’मधला च

कॅनडात, कॅलगरीतल्या मुलांच्या थेरपी केंद्रात नोकरीला लागून सात महिने झाले आणि फळ्यावर माझं नाव झळकलं: सोमवारच्या मीटिंगआधीचं ‘लँड अकनॉलेजमेंट’ माझ्याकडे. म्हणजे ही जमीन मुळात कुणाची, त्यांची नावं घेऊन कामाला सुरुवात करायची. मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाच्या २०१५च्या अहवालानंतर इथल्या शाळा-ऑफिसांत हे चांगलंच रुळलंय. आमच्या भागात ‘ट्रीटी ७’, म्हणजे इथल्या मूळनिवासींशी झालेला १८७७चा करार. त्यांची नावं: सिक्सिका, काइनाई, पिकानी, त्सूतइना, स्टोनी नाकोडा.

आधी धास्ती उच्चारांची. त्सूतइनाला बरेच जण ‘सूटिना’ म्हणून मोकळे होतात. मी रेकॉर्डिंग लावलं आणि हसूच आलं. हा तर आपला ‘चूक’मधला च! चहातला नव्हे. तो जन्मापासून तोंडात होताच. मधला इवलासा थांबा मात्र आठवडाभर भांडी घासताना घोकला.

कागद एका सिक्सिका सहकारी बाईंना दाखवला. नावं ठीक, म्हणाल्या, आणि ‘आम्ही कृतज्ञ आहोत’खाली पेन्सिलची रेघ ओढली. “बरं, मग केंद्र काय करणार?” खरं सांगते, रागच आला. एवढं पाठ केलं होतं!

दोनच दिवसांनी एक मूळनिवासी आजी नातवाला पहिल्यांदा घेऊन आल्या. अर्जात रकाने दोनच, आई आणि वडील. त्यांनी ‘आई’ खोडलं, वर बारीक अक्षरात ‘आजी’ लिहिलं आणि चालेल ना म्हणून माझ्याकडे पाहिलं. मीही पाचवीपर्यंत साताऱ्याला आजीकडेच वाढले. पण माझ्या आजीला कागदाची अशी भीती नव्हती. इथे मूळनिवासींची दीड लाखाहून जास्त मुलं घरातून उचलून निवासी शाळांत कोंबली गेली, शेवटची शाळा १९९०च्या दशकात बंद झाली. या आजींच्या वयाच्या माणसांना कागद म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

सोमवारी नावं घेतली आणि कृतज्ञतेच्या जागी तो अर्ज वाचून दाखवला. मॅनेजर म्हणाले, सही कायदेशीर पालकाचीच लागेल. बरोबरच होतं. सहीची ओळ तशीच ठेवून वर नवा प्रश्न घालायला पाच आठवडे आणि तीन मसुदे लागले: ‘मुलाला रोज कोण सांभाळतं?’

पुढच्या खेपेला आजींनी स्वतःचं नाव लिहिलं, मग दोन मावश्यांचं, मग एका मामाचं. रकाना पुरला नाही.