जामीन मंजूर झाला पण माणूस अजून आतच

आमच्या मामेभावाला अटक झाली होती, बांधावरचं भांडण, काठ्या निघाल्या, दोन्हीकडून तक्रारी, गावाकडे होतं तसलंच प्रकरण. केस चालू आहे म्हणून गाव-तालुका काही लिहीत नाही आणि चूक कोणाची ते पण सोडा. पण त्या धावपळीत जे कळलं ते एका जागी लिहून ठेवतोय, कारण नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे फोन आले आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागलं.

अटक झाली की घरचे पहिला फोन कुणाला करतात? माजी सरपंच, आमदारांचा पीए, पोलिसात असलेला कुणाचा तरी साडू. वकील सगळ्यात शेवटी. या फोनांमध्ये अख्खी संध्याकाळ जाते आणि हातात काय तर "बघतो, बोलून ठेवलंय". त्यापेक्षा ठाण्यात जाऊन चार गोष्टी कागदावर लिहून घ्या, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं कुठली लावलीत, अटक किती वाजता दाखवलीये आणि तपासी अंमलदार कोण. अटकेची वेळ महत्त्वाची, कारण प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, रविवार असला तरी, त्यासाठी सुट्टीचं रिमांड कोर्ट असतं (रिमांड म्हणजे माणसाला कोठडीत ठेवायचं का, ते कोर्टाने ठरवणं). अटकेची कारणं त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि लगेच शक्य नसेल तर रिमांडसाठी उभं करायच्या किमान दोन तास आधी तरी, हे सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये स्पष्ट केलंय. मागा तो कागद. नम्रपणे मागा पण मागा.

मग कलम. सगळा खेळ कलमावर आहे. जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, ठाण्यातच होतो, कोर्टात जायची पण गरज नाही. अजामीनपात्र असेल तर कोर्ट ठरवणार. आता गंमत बघा, १ जुलै २०२४ पासून आयपीसी, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा कायदा, जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि सीआरपीसी, म्हणजे अटक-जामिनाच्या पद्धतीचा कायदा, जाऊन बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), पण गावातली जाणती माणसं अजून जुन्या आकड्यांत बोलतात. "३२४ आहे ना, मग ठाण्यातच सुटेल" असं आम्हाला तीन जणांनी छातीठोकपणे सांगितलं. ते ३२४ म्हणजे हत्याराने साधी दुखापत, आता ते ११८(१) झालंय आणि नव्या तक्त्यात अजामीनपात्र आहे. त्यातून समोरच्याच्या सर्टिफिकेटमध्ये हाड मोडल्याचं आलं तर ११८(२) लागतं, तिथे शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरची एक ओळ आणि सगळं गणित बदललं.

इथेच चांगला वकील कामाला येतो. आमच्या वकीलबाई रिमांडला पहिलं काय बोलल्या, तर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे सुप्रीम कोर्टाने अर्नेश कुमार निकालात २०१४ लाच सांगितलंय आणि बीएनएसएसच्या कलम ३५ मध्ये पण आहे, मग इथे अटकेची गरज काय होती ते दाखवा. तपासी अंमलदार म्हणाले काठी जप्त करायचीये. थोडा पीसीआर मिळाला, पण मागितला होता त्यापेक्षा कमी. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि "एमसीआर पडला" हे ऐकून मामी रडायलाच लागल्या कारण आता जेलमध्ये नेणार. खरं तर ती चांगली बातमी होती, पोलिसांचं काम झालं म्हणजे जामिनाचा अर्ज लगेच टाकता येतो. अर्जावर सरकारी पक्षाचा 'से' मागवतात, त्यात पोलिसांचं म्हणणं येतं, मग युक्तिवाद, मग ऑर्डर. मॅजिस्ट्रेटने फेटाळला तर सेशन्स, तिथून हायकोर्ट. आणि पोलिसांनी ६० दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात ९० दिवसांत चार्जशीट टाकली नाही तर जामीन हक्काने मिळतो, फक्त तो मागावा लागतो, आपोआप कुणी देत नाही.

तर वकील कुठला शोधायचा? मी पुण्यात राहतो म्हणून मला सगळे पुण्यातला मोठा वकील बघ म्हणत होते. मी ठाम नाही म्हणालो. ज्या कोर्टात रिमांड होणार तिथे रोज उभा राहणारा, फौजदारी कामं करणारा माणूस पाहिजे. नेटवर शोधून फारसं हाती लागत नाही, बार कौन्सिलच्या नियमाने वकिलांना जाहिरातच करता येत नाही, त्यामुळे पहिलं नाव दिसलं म्हणजे तो पहिला वकील असं काही नाही. मी सरळ तालुका कोर्टात गेलो, बाररूमच्या बाहेर चहा घेतला, बोर्डावरच्या केसेस चालताना थोडा वेळ मागच्या बाकावर बसलो. कोण तयारीने बोलतंय आणि कोण नुसती तारीख मागतंय ते कायदा न कळणाऱ्यालाही कळतं. फी आधीच विचारा आणि टप्प्याटप्प्याने विचारा, रिमांडची किती, जामीन अर्जाची किती, सेशन्सला गेलं तर वेगळी का, पुढे केस चालवायची किती. "जामिनाची गॅरंटी" देणारा आणि "साहेबांना सांभाळावं लागेल" म्हणून वेगळं पाकीट मागणारा, दोघांनाही नमस्कार करून निघा. आम्हाला दोन्ही भेटले!

पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच आहे ते. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, नाहीतर १५१०० ला फोन. फुकटचा म्हणजे बिनकामाचा हा समज सोडा.

आता माझा मुख्य मुद्दा. ऑर्डर झाली की सगळ्यांनी पेढे आणायची तयारी केली, आणि माणूस आतच. कारण जामीन म्हणजे पैसे भरून सुटका नाही, साधारणपणे जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली ठराविक रकमेची हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार लागतो, जो लिहून देतो की हा तारखेला येईल, नाही आला तर माझ्याकडून घ्या. जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, सातबारा, आठ अ, कधी तहसीलचा ऐपतीचा दाखला, आणि कोर्टाला खातरजमा करायची तर त्यात अजून वेळ. तो दाखला एका दिवसात निघतो असं समजू नका. आर्यन खानचं आठवतं ना, हायकोर्टाने २८ ऑक्टोबर २०२१ ला जामीन दिला, दुसऱ्या दिवशी जुही चावला जामीनदार म्हणून कोर्टात उभी राहिली, तरी कागद वेळेत आर्थर रोड जेलला पोचला नाही आणि तो बाहेर आला ३० तारखेला. शाहरुखच्या पोराची ही गत, तर आपलं काय.

म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा की जामीनदाराचे काय कागद लागतील, आणि ते अर्ज चालू असतानाच गोळा करा. जामीनदार लगेच मिळत नसेल तर तात्पुरत्या रोख जामिनावर सोडून जामीनदार आणायला मुदत द्या असा अर्ज करता येतो, ती रक्कम कोर्टात जमा राहते, पावती जपून ठेवा, शर्ती पाळल्या तर परत मिळते. कोर्टाबाहेर "जामीनदार पाहिजे का" म्हणत फिरणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका, खोटा सातबारा निघाला तर जामीन रद्द होईलच आणि वर नवीन गुन्हा. महिना झाला तरी जामीनदार न मिळाल्याने कुणी आत असेल तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करायचा विचार करावा असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय, हे पण वकिलाच्या कानावर घाला.

आमच्याकडे मामाच्या शेजारच्या काकांनी सातबारा दिला, ज्यांच्याशी मामाचं गेली कित्येक वर्षं पाण्यावरून वाजतं. मामाने अजून त्यांना चहाला बोलावलेलं नाही. भावाला दर रविवारी ठाण्यात हजेरी आहे, तारखा मी ईकोर्ट्सच्या ॲपवर बघून त्याला कळवतो, कारण एक जरी तारीख न सांगता चुकली तर वॉरंट निघू शकतं आणि मग काकांनाही कोर्टात जाब द्यावा लागेल.