फक्त अंगाला लावण्यासाठी

दुपारी ओटा आवरताना लेकीने तेलाची बाटली उलटी धरली आणि मोठ्याने वाचलं, "फक्त बाह्य वापरासाठी." मग थेट आजीकडे मोर्चा. "ठाम्मा, तू आम्हाला मालिशचं तेल खायला घालतेस?"

"मालिशच आहे," माँ, म्हणजे माझ्या बंगाली सासूबाई, म्हणाल्या. "आतून."

बारा वर्षांची होईपर्यंत पोरीने ते वाचलं नव्हतं, याचंच मला नवल वाटलं. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर हे लिहिलेलं असतंच. त्यात इरुसिक नावाचं मेदाम्ल वीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत असू शकतं, म्हणून अमेरिकेच्या सरकारला ते खाद्यतेल म्हणून मंजूर नाही. दुकानदार मात्र बाटल्या तांदळाशेजारीच मांडतो आणि कुणीही कुणाला काही विचारत नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा हे तेल कढईत धुरावलं तेव्हा मी खिडक्या उघडत सुटले होते. सासरचे सगळे मात्र नाक वर करून हुंगत होते. आता माझा नवरा तेल धुरावण्याआधीच कढईत कांदा टाकतो, तेव्हा ओरडते ती मीच.

त्या वासाला माँ 'झाँज' म्हणतात. मला आधी आरतीचीच झांज आठवायची, पण नाकाने तो प्रकार लगेच ओळखला. रत्नागिरीला आजी मोहरी फेसायची. मोहरीची पूड थाळ्यात घेऊन, पाण्याचा शिपका मारत, तळहाताने गोल गोल. आम्हा पोरांचं काम एकच : वाकून हुंगायचं आणि सांगायचं, चढली का. नाकातून मस्तकात झिणझिण्या गेल्या, डोळ्यांतून पाणी आलं की चढली. ज्याच्या डोळ्यांत पाणी नाही त्याला परत हुंगायला लावायची. माँ मिक्सरमध्ये मोहरीबरोबर मीठ आणि हिरवी मिरची घालतात, नाहीतर कडू होते म्हणून. झाकण उघडल्यावर मी अजून वाकून हुंगते. गरज नसते.

ही मोहरी लागते इलिश माशाला. बांगलादेशी दुकानात तो दगडासारखा गोठलेला मिळतो आणि करवतीवर कापून देतात. पाठीचा तुकडा कुठला, पोटाचा कुठला, यावरून माँ काउंटरपलीकडच्या मुलाशी दरवेळी भांडतात. वसंतात इथल्या डेलावेअर नदीत शॅड मासा चढतो. इलिशसारखाच समुद्रातून गोड्या पाण्यात येणारा, चवीला बराच जवळचा आणि तितकाच काटेरी. माँ तो आवडीने खातात आणि शेवटी न चुकता म्हणतात, "पण पद्मा नदीचा नाही."

मी स्वतः मासे खात नाही. आमच्या माहेरी अंडंसुद्धा अंगणात, वेगळ्या स्टोव्हवर. पण त्या केसासारख्या काट्यांची मला चांगली माहिती आहे, कारण लेकीच्या ताटातला मासा माँ बोटांनी चाचपून, एकेक काटा काढून, भाताच्या घासात दाबून देताना मी बारा वर्षं समोर बसून पाहिलंय. काट्या-चमच्याने हे होत नाही.

आज जेवताना लेकीने त्या तेलाबद्दल पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्यांदा भात घेतला.

माँनी मात्र त्यांची ताटली माझ्याकडे सरकवली. "तूच बघ जरा. मला आता काटे दिसत नाहीत."

मी हात धुऊन आले आणि बोटांनी चाचपू लागले.