कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही

ठाण्यात आमचं वॉटरप्रूफिंगचं काम बाबांपासूनचं. गळती शोधायची त्यांची रीत साधी: बोटाच्या पेराने भिंत ठोकायची, पोपडे निघालेत का पाहायचं आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची लादी फोडायची. अंदाज चुकला तर गळती तशीच राही, आणि त्याच रंगाची लादी बाजारात मिळत नसे. मग त्या घरच्या वहिनी पुढची पाच वर्षं जिन्यात भेटल्या तरी बोलायच्या नाहीत.

थर्मल कॅमेरा घ्यायचं मी ठरवलं तेव्हा बाबा म्हणाले, "एवढ्यात नवी बाइक आली असती." कर्ज काढून घेतला तो अगदी साधा, १६० × १२० पिक्सेलचा.

पहिल्याच मोठ्या कामात तोंडघशी पडलो. कॅमेऱ्यात बेडरूमच्या भिंतीवर निळाशार, म्हणजे गार, डाग दिसला. मी छाती फुगवून "इथेच ओल आहे" म्हणालो, गिलावा फोडला, तर आत खडखडीत कोरडं! एसीचा गार झोत नेमका त्या जागी बसत होता. गिलावा आणि रंग आमच्या खर्चाने करून दिला.

त्यानंतर नीट शिकलो. हा कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही, पाणी तर त्याला दिसतच नाही. पृष्ठभागावरून निघणारे अवरक्त किरण मोजून तो तापमानाचं रंगीत चित्र काढतो, एवढंच. ओल्या गिलाव्याचं अंग गार का, हे माठ वापरलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही: पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. पण गार असलेलं सगळं ओलं नसतं. स्टीलच्या सिंकमध्ये तर आरशासारखं आपलंच अंग लालभडक दिसतं. म्हणून आता एसी आधी काही तास बंद ठेवायला सांगतो आणि प्रत्येक संशयित डागावर ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरच्या सुया टेकवतो.

गंमत अशी की फोन येतात जुलैत, आणि कॅमेरा सर्वात कच्चा असतो तोही जुलैतच. हवाच दमट, भिंतीतलं पाणी उडणार कुठून? पावसाळ्यात माठही गार होत नाही. मग पंखा लावून भिंतीवर वारा सोडतो, किंवा गिझरचं पाणी संशय असलेल्या पाइपातून वाहू देतो. पाइप फुटका असेल तर ऊब पसरताना दिसते. नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या लादीतलं पाणी जायचं तोंड, बंद करून चोवीस तास पाणी भरून ठेवायची जुनी चाचणी आम्ही सोडलेली नाही, फक्त आधी आणि नंतर खालच्या छताचे फोटो घेतो. गच्चीला मात्र ऊन पडलेला दिवस आणि संध्याकाळ लागते. पाण्याला तापायला तेवढ्याच वजनाच्या काँक्रीटच्या चौपट-पाचपट उष्णता लागते, म्हणून कोरडी गच्ची निवली तरी ओला भाग उबदार राहतो. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, जाड असला की हे चित्रही धूसर होतं.

एक काम लक्षात राहिलंय. तिसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये पंख्याच्या हुकातून पाणी टपकायचं. सगळ्यांचं बोट चौथ्या मजल्याच्या बाथरूमकडे, आणि तिथल्या काकूंनी ते आधीच एकदा फोडून घेतलं होतं. गरम पाणी सोडलं तर बाथरूममध्ये काहीच नाही, स्वयंपाकघरात सिंकखाली मात्र भिंतीच्या पायथ्याशी ऊब फुलत गेली. तिथली एकच लादी काढली, पाइपाच्या वळणावरचा एल्बोचा जोड सुटलेला. पाणी लाद्यांखालून सरकत वायरिंगच्या पाइपात शिरत होतं आणि खाली हुकातून बाहेर पडत होतं.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, घरातल्या टॉयलेट-सिंकची गळती सदस्याच्या खर्चाने आणि पावसाची किंवा बाहेरच्या सामाईक पाइपांची सोसायटीच्या. त्यामुळे आमच्या अहवालाला भांडणात भलतंच वजन येतं. "वरच्यांचीच चूक असं लिहा ना," असं आडून सुचवणारे सेक्रेटरी भेटतात. आम्ही जे मोजलं तेच लिहितो; कधी कधी "स्रोत सापडला नाही" असंही. काही सोसायट्यांची कामं त्यापायी गेली.

आता आम्ही चौघं आहोत आणि कॅमेरा ३२० × २४०चा आहे. बाबा अजून साइटवर येतात आणि मी कॅमेरा सुरू करायच्या आत भिंत ठोकून घेतात. मागच्या आठवड्यात बाबांचा आणि कॅमेऱ्याचा अंदाज जुळला नाही. मीटरने बाबांची बाजू घेतली. परतीच्या रिक्षात ते काही बोलले नाहीत, नुसते हसत होते.