ग्रीक कानातलं भिंतीवर लावायचं होतं, प्रिंटवाल्याकडे पाच फेऱ्या झाल्या (माझा अनुभव)

पॅसेजची भिंत दोन वर्षं रिकामी होती आणि मला तिथे ते सात घोडे, धबधबा, बुद्ध असलं काही नको होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 मध्ये त्यांच्याकडच्या जुन्या वस्तूंचे लाखो फोटो फुकट वापरायला खुले केलेत, त्यांच्या साइटवर ओपन ॲक्सेसवाले शोधायचे, डाउनलोड करायचे, छापायचे, कुणाची परवानगी नको. त्यात मला इ.स.पू. 330 ते 300 च्या सुमाराचा दागिन्यांचा एक सेट सापडला, ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहराजवळ मिळाला असं सांगतात. त्यातलं कानातलं बघून मी वेडीच झाले. वर पाकळ्यांची नक्षी आणि खाली गॅनिमिड नावाच्या राजपुत्राला गरुड उचलून नेतोय, गरुड म्हणजे रूप बदललेला झ्यूस, ग्रीकांचा देवांचा राजा. आणि हे सगळं जेमतेम 6 सेंटीमीटरमध्ये! त्याच सेटमधली स्फटिकाची पिळाची बांगडी घेतली, टोकांना सोन्याची मेंढ्याची डोकी आहेत. आणि तिसरी म्हणजे इ.स.पू. 200 च्या आसपासची, दंडात घालायच्या सोन्याच्या वाकीची जोडी.

इथपर्यंत एक संध्याकाळ लागली. पुढचे तीन आठवडे प्रिंटवाल्याने खाल्ले.

पहिली प्रिंट आली ती सरळ मोहरीच्या रंगाची. म्हटलं दादा हे सोनं आहे, तर तो म्हणाला "सोनं आहे होय, मग पिवळं करून देतो की मॅडम" आणि दुसऱ्या वेळी जे दिलं ते हळदी समारंभातून उचलून आणल्यासारखं, वर मागचा राखाडी रंग गुलाबी झालेला. तिसऱ्या वेळी "उद्या या", मग परत "उद्या या, ऑपरेटर आला नाही", मग ऑपरेटर आला तर फाइल सापडेना. चौथ्यांदा त्याने आपल्या मनाने चमकणाऱ्या मेटॅलिक पेपरवर काढून ठेवली होती, सोन्याला शोभेल म्हणून. सोनं राहिलं बाजूला, मागची राखाडी जागाच स्टीलच्या ताटासारखी चमकायला लागली. पैसे मात्र प्रत्येक वेळी अर्धे घेतले हं, "कागद तर गेला ना मॅडम".

शेवटी मी स्टूल ओढून ऑपरेटरच्या शेजारीच बसले. तेव्हा कळलं की तो प्रत्येक फाइल उघडली की आधी ऑटो कलरचं बटण दाबतो, सवयच आहे, लग्नाचे फोटो येतात ना सगळे. आणि दुसरी गोष्ट, प्रिंटरमध्ये सोनेरी शाई नसतेच. सोनं चमकतंय असं वाटतं ते गडद तपकिरी सावलीला लागून असलेल्या पांढऱ्या ठिपक्यांमुळे, पिवळा वाढवला की ते ठिपकेच पिवळे होतात आणि चमक मेली. मी म्हटलं काहीच करू नका, फाइल आहे तशी 4 बाय 6 मध्ये साध्या मॅट पेपरवर काढा. ती घेऊन रस्त्यावर उन्हात गेले, कारण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच निळसर दिसतं. पहिल्या झटक्यात बरोबर! दहा मिनिटांचं काम होतं हो. मला एवढा राग आला की आनंद करायचंच राहून गेलं.

तर कुणी करणार असाल तर आधी छोटी टेस्ट प्रिंट घ्याच. आणि हो, पहिली फाइल मी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली होती ती चूक माझी, ते दाबून बारीक करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेनड्राइव्ह न्या. साइज काढायला लांब बाजूचे पिक्सेल 300 ने भागा, 3600 असतील तर 12 इंच नीट येतं, पॅसेजमध्ये लांबून बघायचं असेल तर 200 ने भागलं तरी चालतं. साधी काच लावू नका, समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब बघत बसाल. ओल येणाऱ्या भिंतीवर तर अजिबात नको.

आईने आल्या आल्या चष्मा लावून कानातल्याचं रवाकाम बघितलं, "एवढे बारीक रवे, तेही त्या काळात!" मग वाकीच्या जोडीकडे वळली. मी सांगितलं की एकेक वाकी 180 ग्रॅमच्या वर आहे, दंडावरून घसरू नये म्हणून कपड्याला अडकवायला मागे कडी केलीये. "म्हणजे एका हाताला अठरा तोळे," तिचा हिशोब लगेच झाला, "मग कडी हवीच." त्यानंतर ती बराच वेळ तिथेच उभी होती.

पावती काल नीट बघितली. ऑपरेटरने गॅनिमिड ऐकून लिहिलंय, "गणपती फोटो, 3 नग."