गोट्या, डॉल्फिन आणि उडती छत्री

सुट्टीत समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न नेहमीचाच, गोट्याला कुठे ठेवायचं? यावेळी म्हटलं ठेवायचंच नाही, घेऊनच जायचं. शोधता शोधता एक बोट सापडली, डॉल्फिन आणि समुद्रपक्षी दाखवणारी, दोन तासांची फेरी आणि कुत्र्यांना चालतं असं स्वच्छ लिहिलेलं. तरी फोन करून विचारलंच, कारण "चालतं" म्हणजे कधीकधी मांडीवर मावणारं कुत्रं चालतं, आणि आमचं ध्यान पंचवीस किलोचं आहे.

लाइफ जॅकेट आठवडाभर आधी आणलं ते फार बरं झालं. पहिल्या दिवशी घातलं तर गोट्या हॉलच्या मधोमध पुतळा होऊन उभा, शेपटीसुद्धा हलेना. मग रोज दहा-पंधरा मिनिटं घालायचं, खाऊ द्यायचा, काढायचं, असं करत चौथ्या दिवशी साहेब जॅकेट घालून घरभर फिरायला लागले. जॅकेटच्या पाठीवर हँडल असलंच पाहिजे हां, कुत्रं पाण्यात पडलं तर तेवढं एकच धरायला मिळतं.

बोटीत चढल्यावर बोटवाल्या काकांनी पहिलं वाक्य टाकलं, "ताई, पट्टा हातात धरा, बोटीला बांधू नका." मी बांधायलाच निघाले होते! बोट कलंडली तर बांधलेलं कुत्रं तिच्याबरोबर अडकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फायबरच्या ओल्या फळीवर त्याची नखं घसरत होती म्हणून घरून आणलेलं जुनं पायपुसणं खाली टाकलं. त्यात आमचा आणखी एक छुपा हेतू होता, की अगदीच अडलं तर त्यावर शू करेल. नाही केली. हुंगलं आणि त्यावरच बसला.

पहिली वीस मिनिटं वाईट गेली. जांभयांवर जांभया, ओठ चाटणं, लाळ. नवरा म्हणाला कंटाळलाय, पण हे मळमळीचं लक्षण आहे हे मला माहीत होतं. खाणं निघायच्या तीन तास आधी आणि तेही थोडंसंच दिलं होतं म्हणून निभावलं. बोटीच्या मध्यभागी हलतं कमी, तिथे आणून बसवला, गोडं पाणी पाजलं, मग जरा स्थिरावला. मध्येच कडेवरून उडालेलं खारं पाणी चाटायला लागला तेव्हा थांबवावं लागलं, खारं पाणी पोटात गेलं की उलट्या-जुलाब ठरलेले.

आता खरी गंमत. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांकडे टकर नावाचा लॅब्रॉडोर मिक्स होता, तो बोटीच्या टोकाला उभा राहून ऑर्का व्हेलच्या विष्ठेचा वास काढायचा आणि त्यावरून बोट कुठे न्यायची ते ठरायचं. हे वाचल्यापासून नवऱ्याला गोट्यात टकर दिसायला लागला होता. त्यामुळे गोट्या एकदम उठून उजवीकडे नाक करून गुरगुरला तेव्हा नवरा ओरडला, "काका, तिकडे!" सगळी बोट तिकडे वळून बघायला लागली. तर काय, एका तरंगत्या बोयावर पाणकावळा पंख पसरून बसलेला. घरी छत्री उघडली की गोट्या पलंगाखाली जातो, आणि हा तर हुबेहूब उघडलेली काळी छत्री. काका हसत म्हणाले, पिसं भिजतात ना त्याची, म्हणून बुडी मारणं सोपं जातं, पण नंतर असं वाळवत बसावं लागतं. छत्री उडाली, साहेब माझ्या पायांमध्ये.

डॉल्फिन आले ते दुसऱ्याच बाजूने. काकांनी इंजिन अगदी हळू केलं, पाठलाग करायचा नाही म्हणाले, यायचं असेल तर तेच येतील. आधी आवाज आला, फुस्स, कुकरची शिट्टी अर्धवट सुटावी तसा. मग करडी पाठ, पंख, आणि पाणी परत सपाट. पाच-सहा असतील. एक तर इतका जवळून गेला की डोक्यावरचं श्वासाचं भोक उघडून मिटताना दिसलं, झाकण लावावं तसं. बोटीवर एकही माणूस बोलत नव्हता.

आणि गोट्या? झोपलेला! नवऱ्याला अजून आशा, "कुत्र्यांना आपल्यापेक्षा खूप बारीक आवाज ऐकू येतात, त्यांच्या शिट्ट्या ऐकत असेल." काकांनी शांतपणे सांगितलं की पाण्याखालचा आवाज बहुतेक पाण्याखालीच राहतो, वर फारसा येत नाही. नवरा गप्प.

धक्क्याला लागलो आणि पहिला खांब दिसताच गोट्याने दोन तासांचा हिशेब असा काही चुकता केला की मागची मंडळी उतरायची थांबून बघत राहिली. फोनमध्ये चाळीस फोटो आहेत, त्यातल्या एकोणचाळीसात नुसतं पाणी. चाळिसाव्यात गोट्याचा झोपलेला कान, आणि कानामागे, जरा हललेला, डॉल्फिनचा एक पंख.