एका पिल्लामागे किती रुपये?

मार्च सरत आला की सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाचा निधी सांभाळणारे, कोकणात उतरतात. वेळासच्या पट्ट्यातल्या आमच्या पुळणीवर त्या दिवशी एका कंपनीचे साहेब कॅमेरावाल्याला घेऊन येणार होते. निरोप आधीच आला होता, ‘कासवांची पिल्लं सकाळी दहाला समुद्रात सोडा.’

घरट्यावरच्या टोपलीखाली पहाटेच वाळूला खळगा पडला आणि ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या पिल्लांची काळी डोकी वर आली. बाहेर पडल्यावरच्या पहिल्या काही तासांतला जोर लाटा ओलांडायलाच असतो. दहापर्यंत टबात ठेवली तर तो टबातच संपतो. उजाडताच सोडली. कॅमेरावाला रुसला.

हॅचरी, म्हणजे घरट्यांतली अंडी आणून पुरायची कुंपणातली जागा, बघताना साहेबांनी विचारलं, “एका पिल्लामागे खर्च किती?” अहवालात तो रकाना असतो, त्यांचाही नाइलाज. पण एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. जितकी घरटी हॅचरीत आणाल, तितका पिल्लामागचा खर्च कमी दिसतो. मग जागेवर सुरक्षित असलेलं घरटंही उचललं जातं. उचलण्यात जोखीम आहेच. अंडी घातल्यापासून काही तासांतच हलवायची, तीही न फिरवता, कारण नंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं फिरलं तर मरतो. नवा खड्डा साधारण दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद, तळाशी ऐसपैस. वाळू कोरडी असेल तर तो ढासळतो. उशिराच्या घरट्यांवर शेडनेट लागतं, नाहीतर उन्हाने अंडी आतच जातात.

खरा पैसा जातो तो रात्रीच्या गस्तीला, नोव्हेंबरपासून मेपर्यंत. कुत्रे-कोल्हे पोचायच्या आत घरटं सापडलं पाहिजे. पण गस्तवाल्यांच्या मानधनावर कंपनीची पाटी कुठे ठोकणार? साहेबांच्या बजेटात होता सेल्फी पॉइंट! म्हणाले, “पगाराला पाच टक्क्यांची मर्यादा आहे.” ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, किनाऱ्यावरचं मानधन प्रकल्पाच्याच खर्चात धरता येतं.

दुसरी अडचण तारखेची. कायद्यानुसार मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के 31 मार्चपर्यंत खर्चायचे, आणि आमचा हंगाम तर मार्चच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. संचालक मंडळाने ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी दिली, तर उरलेली रक्कम 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. कागदोपत्री एवढंच, पण वर्षाच्या सुरुवातीला ठराव करायचं कुणाला सुचत नाही.

साहेबांनी ते लिहून घेतलं. पिल्लांचा रकाना खोडून तिथे ‘गस्तीच्या रात्री’ घातलं. सेल्फी पॉइंट मात्र काढला नाही.